अनेक खोल्यांचा वाडा



 न्यायमूर्ती रानडे यांनी १८७५ साली पुण्यात वसंत व्याख्यानमालेचे जे रोप लावले, त्याच्या फांद्या आज गावोगावी पसरल्या आहेत. तिकीट नाही, परीक्षा नाही, हजेरीपट नाही. तरीही माणसे येतात आणि ऐकतात. वर्गात विद्यार्थी उठून जाऊ शकत नाहीत आणि येथे आपण केव्हाही उठून जाऊ शकता, एवढाच काय तो माझ्या दृष्टीने फरक आहे. तेव्हा मी जपूनच बोलणार आहे.

आजचा विषय मला आमच्या एका शेजाऱ्यांनी सुचवला. ते गावातले जुने सराफ. परवा ते सहज घरी आले असता माझ्या टेबलावर एका विद्यापीठाने पीएच. डी. साठी मान्य केलेल्या प्रबंधांची यादी पडलेली होती. सराफांना कोणताही कागद दिसला की वाचून पाहायची सवय. त्यांनी चष्मा चढवला आणि मोठ्याने वाचायला सुरुवात केली. उसाच्या मुळांशी राहणारे जिवाणू. पेशवेकालीन जकातीची कागदपत्रे. न्यूट्रॉन ताऱ्यांची स्पंदने. कातकरी बोलीतील क्रियापदे. सहकारी पतपेढ्यांची थकबाकी. गोगलगायींच्या शंखांचे आकार. येथवर आल्यावर त्यांनी कागद खाली ठेवला आणि मला विचारले, "मास्तर, राग मानू नका. पण या गोगलगायीचा त्या ताऱ्याशी संबंध काय? आणि या दोघांचा आमच्याशी संबंध काय?"

श्रोतेहो, प्रश्न हसण्यावारी नेण्यासारखा नाही. विद्यापीठे आणि संशोधनसंस्था बहुतांशी आपल्या करातून चालतात. ज्याच्या खिशातून पैसा जातो त्याला हिशेब विचारण्याचा अधिकार आहे. त्यावेळी मी चहाचा विषय काढून वेळ मारून नेली. आज मात्र तो हिशेब मांडायचा असे ठरवून आलो आहे. सराफ समोरच बसले आहेत, तेव्हा आज पळवाट नाही.

एक गोष्ट आधीच मान्य करतो. आधुनिक संशोधन म्हणजे अनेक खोल्यांचा एक अवाढव्य वाडा झाला आहे. एका खोलीतल्या माणसाला शेजारच्या खोलीत काय चालले आहे याचा पत्ता नसतो. एवढेच काय, एकाच शास्त्राच्या दोन शाखांतले पंडित एकमेकांचे निबंध वाचू शकत नाहीत, इतकी ज्याची त्याची परिभाषा वेगळी झाली आहे. तेव्हा बाहेरच्या माणसाला हा सगळा गोंधळ वाटला तर नवल नाही. पण वाड्याला चौक असतो. खोल्या कितीही असल्या तरी त्यांची दारे चौकात उघडतात. तो चौक कोणता, हे मला आज आपल्याला दाखवायचे आहे.

सराफांच्या धंद्यापासूनच सुरुवात करू. गोव्यात १९०७ साली जन्मलेले दामोदर धर्मानंद कोसंबी हे नाव आपल्यापैकी अनेकांना ठाऊक असेल. बौद्ध वाङ्मयाचे थोर अभ्यासक धर्मानंद कोसंबी यांचे हे चिरंजीव. यांचा विषय गणित. फर्ग्युसन कॉलेजात त्यांनी गणित शिकवले, पुढे मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत ते गणिताचे प्राध्यापक होते, आणि पुण्याहून मुंबईला डेक्कन क्वीनने जा-ये करीत. या गणितज्ञाने एके दिवशी तराजू हातात घेतला आणि जुनी नाणी तोलायला सुरुवात केली.

नाणी होती तक्षशिलेच्या उत्खननात सापडलेली, चांदीची, दोन हजार वर्षांहून जुनी. त्यांवर ठसे आहेत, पण राजाचे नाव नाही की साल नाही. मग ती लावायची कशी? कोसंबींनी विचार केला तो असा. टांकसाळीतून निघालेली नाणी जवळजवळ सारख्या वजनाची असतात. ती बाजारात फिरू लागली की झिजतात. काही जास्त झिजतात, काही कमी. म्हणजे जसजसा काळ जाईल तसतसे नाण्यांचे सरासरी वजन घटेल आणि नाण्यानाण्यांतला फरक वाढेल. हे नुसते बोलून ते थांबले नाहीत. आपल्या काळात चलनात असलेली, साल छापलेली नाणी त्यांनी तोलून पाहिली. नियम तेथे बरोबर उतरला. मग तोच नियम त्यांनी तक्षशिलेच्या नाण्यांना लावला. मौज अशी की त्या नाण्यांच्या मागच्या बाजूला काही बारीक खुणा असतात. ज्या नाण्यावर खुणा अधिक, त्याचे वजन कमी, असे त्यांना आढळले. त्यावरून त्यांनी अनुमान काढले की त्या काळचे व्यापारी ठराविक काळाने नाणी तपासून त्यांवर आपली खूण उमटवीत असले पाहिजेत. म्हणजे आमच्या शेजाऱ्यांचे व्यवसायबंधूच! दोन हजार वर्षांपूर्वीच्या त्या सराफांनी केवळ आपला धंदा सांभाळला. परंतु न कळत ते इतिहासाची कालगणना लिहून गेले. गणिताच्या खोलीतली किल्ली इतिहासाच्या खोलीला लागली ती अशी.

याच कोसंबींनी १९४४ साली आनुवंशिकीच्या शास्त्रात एक सूत्र मांडले. गुणसूत्रावर दोन जनुके एकमेकांपासून किती दूर आहेत हे त्यावरून ठरवतात, आणि ते सूत्र जगभर आजही कोसंबींच्या नावाने वापरले जाते. भर्तृहरीच्या शतकांच्या शेकडो पोथ्या ताडून त्यांनी १९४८ साली चिकित्सक आवृत्ती काढली. गणित, नाणी, जनुके, सुभाषिते! सराफांच्या यादीतले चार निरनिराळे प्रबंध जणू एकाच माणसाने लिहावेत तसे झाले. अर्थात असा माणूस विरळा. पण त्याच्या हातून ही चार कामे कशी झाली, हे पाहण्यासारखे आहे. चारही ठिकाणी त्यांनी प्रश्न एकच विचारला: हे जे आज माझ्यासमोर आहे, ते मूळचे बदलत बदलत येथवर आले; तर बदलाच्या खुणांवरून मला मागे जाता येईल काय?

हा प्रश्न किती खोलवर जातो ते पाहण्यासाठी आपण पोथ्यांच्या खोलीत शिरू. पुण्याच्या भांडारकर प्राच्यविद्या संशोधन संस्थेने १९१९ साली महाभारताची चिकित्सक आवृत्ती तयार करण्याचे काम हाती घेतले. ते पुरे व्हायला १९६६ साल उजाडले. सत्तेचाळीस वर्षे! काम सुरू करणाऱ्यांपैकी अनेकांना ते संपलेले पाहायला मिळाले नाही. १९२५ पासून ज्यांनी या कामाची धुरा वाहिली ते विष्णु सीताराम सुकथनकर १९४३ सालीच गेले. त्यांच्यामागे डॉ. बेलवलकर आणि डॉ. प. ल. वैद्य यांनी ते तडीस नेले. सुकथनकर मुळात केंब्रिजला गणित शिकले होते आणि नंतर बर्लिनला जाऊन प्राच्यविद्येकडे वळले, हेही जाता जाता लक्षात ठेवण्यासारखे आहे.

काम काय होते? काश्मीरपासून केरळपर्यंत महाभारताच्या पोथ्या. शारदा लिपीत, बंगालीत, ग्रंथ लिपीत, तेलुगूत, मल्याळम लिपीत, देवनागरीत. कोणतीही दोन हस्तलिखिते अक्षरशः सारखी नाहीत. मूळ पोथी कुणाजवळच नाही. मग खरा पाठ कोणता? कुणाला वाटेल की ज्या पाठाला पोथ्या जास्त, तो खरा. पण तसे नसते. एका चुकीच्या पोथीवरून पन्नास नकला झाल्या तर चूक पन्नासपट होते, तिचे सत्य होत नाही. म्हणून आधी पोथ्यांची कुळे लावावी लागतात. आणि कुळ लावायचे ते चुकांवरून. दोन विद्यार्थ्यांनी एका गणिताचे बरोबर उत्तर लिहिले तर आम्ही मास्तर काही म्हणत नाही. पण दोघांचीही तीच चमत्कारिक चूक सापडली की दोघे एका बाकावर बसले होते हे आम्हाला तत्काळ कळते. पोथ्यांचेही तसेच. समान चूक म्हणजे समान वंश.

महाभारतात हे काम फार अवघड होते, कारण लेखकांनी शेजारच्या पोथीतूनही हवे ते श्लोक उचलून घातले होते. कुळे एकमेकांत मिसळली होती. तेव्हा एकमेकांपासून दूर राहिलेल्या, उत्तरेकडच्या आणि दक्षिणेकडच्या पोथ्या जेथे एक बोलतात, तेथे पाठ जुना समजावा, असे धोरण ठेवावे लागले. त्यातून काही धक्केही बसले. व्यासांनी सांगावे आणि गणपतीने लिहावे ही आपल्या सर्वांच्या आवडीची कथा. पण संपादकांना ती मुख्य संहितेत ठेवता आली नाही, परिशिष्टात घालावी लागली. संपादकांच्याही घरी गणपती बसत असतीलच. मनाला प्रिय असलेली गोष्ट पुराव्यापुढे बाजूला ठेवताना त्यांना काय वाटले असेल, याची कल्पना करा. संशोधकाचा खरा कस तेथे लागतो.

आता या खोलीतून निघून थेट प्रयोगशाळेत जाऊ. शेळी, गाय, कुत्रा यांच्या शरीरात ‘क’ जीवनसत्त्व आपोआप तयार होते. आपल्या शरीरात होत नाही, म्हणून आपल्याला आवळा आणि लिंबू खावे लागते. याचे कारण, ते जीवनसत्त्व बनवण्याच्या कामी लागणारे एक जनुक आपल्यात मोडलेले आहे. नाहीसे झालेले नाही. मोडक्या अवस्थेत पेशीपेशीत पडून आहे, उखळ फुटले तरी अंगणात पडून राहावे तसे. आणि चिंपांझीमध्ये व माकडांमध्येही ते मोडलेलेच आहे. गिनीपिगचेही तेच जनुक निकामी आहे, पण ते निराळ्या तऱ्हेने, स्वतंत्रपणे मोडलेले आहे. म्हणजे पुन्हा तोच न्याय. एका वंशात नक्कल करताना झालेली चूक सगळ्या वंशजांकडे आली आहे. पोथीतली चूक आणि पेशीतली चूक वाचण्याची रीत एकच!

हे मी केवळ रूपक म्हणून सांगत नाही. १९९८ साली केंब्रिजच्या एका जीवरसायनशास्त्रज्ञाने इंग्रजी वाङ्मयाच्या अभ्यासकांबरोबर बसून चौसरच्या ‘कँटरबरी टेल्स’मधील एका भागाची पन्नासाहून अधिक हस्तलिखिते घेतली आणि प्राण्यांची वंशावळ लावण्यासाठी तयार केलेल्या संगणकीय पद्धतीने त्या हस्तलिखितांची वंशावळ लावली. निबंध छापून आला तो ‘नेचर’ या विज्ञानाच्या नियतकालिकात. गोगलगायीच्या शंखाचा अभ्यास करणारा आणि जुन्या कागदांचा अभ्यास करणारा, दोघे एका चौकात उभे होते. त्यांना ते उशिरा समजले इतकेच.

परंतु सभ्य गृहस्थहो, येथे एक सावधगिरीची सूचना देणे माझे कर्तव्य आहे. दोन खोल्यांमधली भिंत पाडली की ज्ञान वाढतेच, असे नाही. स्टॅनले जेव्हन्स हा इंग्लंडमधला मोठा अर्थशास्त्रज्ञ. त्याने १८७० नंतरच्या दशकात असे मांडले की सूर्यावरच्या डागांची संख्या काही वर्षांच्या फेऱ्याने कमीजास्त होते, त्यामुळे हिंदुस्थानातली पिके बिघडतात, त्यामुळे येथल्या लोकांची खरेदी घटते, आणि त्यामुळे इंग्लंडात व्यापारी मंदी येते. सूर्यापासून लंडनच्या पेढ्यांपर्यंत त्याने एक सरळ रेषा ओढली! मंदीच्या फेऱ्याचा आणि डागांच्या फेऱ्याचा काळ जवळजवळ सारखा, साडेदहा वर्षांच्या आसपास, आहे अशी त्याची मांडणी होती. पुढे डागांचा फेरा सरासरीने अकरा वर्षांचा ठरला आणि तो मेळ विस्कटला. आमच्या कोसंबींनीसुद्धा उतारवयात संभाव्यतेच्या गणिताचा आधार घेऊन रीमानच्या प्रसिद्ध गृहीतकाची सिद्धता मिळाल्याचे म्हटले होते. ती गणितज्ञांनी मान्य केली नाही. थोर माणसेही अशी चुकतात. दोन गोष्टी सारख्या दिसणे निराळे आणि त्यांचा संबंध कसोटीला उतरणे निराळे. कसोटीचा दगड सराफाजवळ असतो तसा शास्त्रज्ञाजवळही असावा लागतो.

तो दगड ज्याच्याजवळ होता अशा एका माणसाची गोष्ट आता सांगतो, कारण ती आपल्या पावसाची गोष्ट आहे. गिल्बर्ट वॉकर हा केंब्रिजचा गणितज्ञ, १८८९ सालचा सीनियर रँग्लर. म्हणजे दहा वर्षांनी आपल्या रघुनाथराव परांजप्यांना जो मान मिळाला, तोच. याचा नाद काय, तर बूमरँग! ऑस्ट्रेलियातले आदिवासी फेकतात ते वाकडे लाकूड फिरून परत का येते, याचे गणित तो मांडत असे. मित्र त्याला बूमरँग वॉकरच म्हणत. हा माणूस १९०४ साली हिंदुस्थानच्या वेधशाळांचा प्रमुख म्हणून शिमल्याला आला. हवामानशास्त्र हा त्याचा विषय नव्हता. पाठीमागे १८७७ चा आणि १८९९ चा असे दोन भयंकर दुष्काळ होऊन गेलेले, आणि सरकारचा प्रश्न एकच: पाऊस पडेल की नाही हे आधी सांगता येईल काय?

वॉकरने काय केले? त्याने जगभरच्या ठाण्यांवरून हवेचा दाब, उष्णता, पाऊस यांची वर्षानुवर्षांची टिपणे मागवली आणि पदरी असलेल्या हिंदी कारकुनांकडून, हाताने, प्रत्येक ठिकाणच्या आकड्यांचा प्रत्येक दुसऱ्या ठिकाणच्या आकड्यांशी मेळ घालून पाहिला. तो जाणून होता की इतके मेळ घातले तर एखादा निव्वळ योगायोगानेही जुळणार. शंभर ज्योतिष्यांना विचारले तर एकाचे भाकीत खरे ठरतेच. त्यावरून तो थोर ठरत नाही. म्हणून खरा मेळ आणि योगायोग यांत फरक कसा करावा याचा निकष त्याने १९१४ सालीच मांडून ठेवला. एवढ्या चाळणीतून जे उरले त्यात एक विलक्षण गोष्ट होती. पॅसिफिक महासागरावर हवेचा दाब वाढतो तेव्हा हिंदी महासागरावर तो उतरतो, आणि तेथे उतरतो तेव्हा इकडे चढतो. जणू अर्ध्या पृथ्वीएवढ्या फळीचा झोपाळा वरखाली होत आहे. १९२४ साली वॉकर निवृत्त झाला. पावसाचे खात्रीचे भाकीत त्याला साधले नव्हते. आणि हे असे का होते याचे कारणही त्याला सांगता आले नाही. पुष्कळांनी त्याच्या कामाकडे नुसता आकड्यांचा खेळ म्हणून पाहिले.

तिकडे पृथ्वीच्या पाठीवर दूर, पेरूच्या किनाऱ्यावरच्या कोळ्यांना एक गोष्ट ठाऊक होती. काही वर्षी नाताळच्या सुमारास समुद्र गरम होतो आणि मासळी नाहीशी होते. बाळ येशूच्या नावावरून ते त्याला ‘एल निन्यो’ म्हणत. या दोन गोष्टी, कोळ्यांचा गरम समुद्र आणि वॉकरचा झोपाळा, एकाच यंत्राची दोन चाके आहेत हे १९६९ साली याकोब ब्येर्कनेस या नॉर्वेत वाढलेल्या शास्त्रज्ञाने दाखवून दिले. लगेच तीन वर्षांनी, १९७२ साली, त्याचा पडताळा आला. पेरूची जाळी रिकामी राहिली आणि महाराष्ट्रातल्या विहिरींनी तळ गाठला. आपल्यातल्या वडीलधाऱ्या मंडळींना बहात्तरचा दुष्काळ, सुकडी आणि खडी फोडण्याची कामे आठवत असतील. त्या दुष्काळाची एक दोरी पेरूच्या किनाऱ्याला बांधलेली होती, हे खडी फोडणाऱ्याला कोण सांगणार! अर्थात हा काही अटळ नियम नाही. १९९७ साली मोठा एल निन्यो होऊनही आपल्या देशात पाऊस सरासरीइतका पडला. दोरी एक नाही, अनेक आहेत. पण आज मान्सूनचा अंदाज बांधताना पॅसिफिकच्या पाण्याकडे पाहिल्यावाचून कुणालाच पुढे जाता येत नाही. वेधशाळेचे मुख्य कार्यालय शिमल्याहून पुण्याला आले १९२८ साली. आज ते दिल्लीला आहे, पण पुणेकर शिवाजीनगरच्या त्या इमारतीला अजून सिमला ऑफिसच म्हणतात.

येथवर ऐकून सराफ म्हणतील, "म्हणजे मास्तर, शेवटी सगळ्याचा उपयोग होतोच म्हणा की!" तसे म्हटले तर माझे काम सोपे होईल, पण ते खरे होणार नाही. हार्डी नावाचा मोठा गणितज्ञ, रामानुजनला ज्याने हात दिला तो. त्याने १९४० साली अभिमानाने लिहिले की आपल्या गणिताचा व्यवहारात काही उपयोग नाही. संख्याशास्त्र, म्हणजे मूळ संख्यांचा अभ्यास, हा त्याच्या मते सर्वांत निर्मळ, कारण सर्वांत निरुपयोगी. आता गंमत पाहा. ८९ आणि ९७ यांचा गुणाकार करा म्हटले तर चौथीतला मुलगाही करील, ८६३३ येतात. पण ८६३३ हा कोणत्या दोन संख्यांचा गुणाकार, असे उलट विचारले तर आपल्याला घाम फुटेल. आकडे शेकडो अंकी असले तर संगणकालाही फुटतो. या साध्या गोष्टीवर १९७७ साली तिघा शास्त्रज्ञांनी गुप्त संदेशाचे कुलूप तयार केले. आज आपण फोनवरून पैसे पाठवतो त्या व्यवहारांचे रक्षण अशाच तऱ्हेच्या गणिती कुलपांनी होते. हार्डीच्या देवघरातली मूर्ती अशी बाजारपेठेत येऊन बसली!

पण दुसरे उदाहरण आपल्याच नाशिकजवळच्या देवळालीचे. दत्तात्रेय रामचंद्र कापरेकर हे तेथल्या शाळेत शिक्षक होते. हाती पदव्युत्तर पदवी नाही, जवळ संस्था नाही. अंकांचे वेड मात्र अपार. स्वतःच्या पैशाने पुस्तिका छापायच्या आणि परिषदांना जायचे. त्यांनी शोधलेला आकडा ६१७४. चार अंकी कोणतीही संख्या घ्या, मात्र चारही अंक सारखे नसावेत. समजा, १९५६. अंक उतरत्या क्रमाने मांडा: ९६५१. चढत्या क्रमाने: १५६९. वजाबाकी करा: ८०८२. पुन्हा तेच करा: ८८२० वजा ०२८८, आले ८५३२. पुन्हा: ८५३२ वजा २३५८, आले ६१७४. आणि यापुढे कितीही वेळा करा, ६१७४ च येणार. कोणत्याही संख्येपासून निघा, जास्तीत जास्त सात पावलांत आपण तेथेच पोहोचतो. घरी गेल्यावर मुलांकडून करवून घ्या. याचा उपयोग काय? कुलूप नाही, पाऊस नाही, औषध नाही. येथल्या बऱ्याच विद्वानांनी कापरेकरांची दखल घेतली नाही. १९७५ साली अमेरिकेतल्या एका विज्ञानमासिकात मार्टिन गार्डनरने त्यांच्यावर लिहिले, तेव्हा जगाचे लक्ष गेले. मी एवढेच म्हणेन की उपयोगाची पाटी अजून कोरी आहे, आणि ती कोरी राहिली तरी देवळालीच्या एका मास्तरांनी एक खरी गोष्ट शोधली, जी त्यांच्याआधी कुणालाही ठाऊक नव्हती. एवढी मिळकत थोडी म्हणावी काय?

आता सराफांच्या दोन प्रश्नांची उत्तरे देतो. गोगलगायीचा ताऱ्याशी संबंध काय? विषय म्हणून काही नाही. पण दोघांच्याही अभ्यासकाला चौकात येऊन सांगावे लागते: मी हे पाहिले, अशा रीतीने पाहिले, माझी चूक होण्याचा संभव इतका, आता तुम्ही तपासा. नाणे असो, पोथी असो, पेशी असो की पाऊस, जो आपले वजनमाप उघड्यावर ठेवतो तो त्या वाड्यातला. जो ठेवत नाही तो कितीही मोठा असला तरी बाहेरचा. आणि कोणाची किल्ली कोणाच्या कुलपाला लागेल हे आधी सांगता येत नाही, म्हणून एकही खोली बंद करण्याची घाई आपण करू नये.

दुसरा प्रश्न, आमच्याशी संबंध काय? याचे उत्तर देताना मला एक कबुली द्यावी लागेल. माझे आजोबा शेतकरी. शिक्षण मराठी चौथी. दरवर्षीच्या पंचांगात, कोऱ्या जागेत, ते पावसाची नोंद करीत. मृग कोरडा. आर्द्रात चार दिवस झड. हस्ताने हात दिला. विहिरीला पाणी इतके हात. अशी तीसएक वर्षांची पंचांगे माळ्यावर एका फडक्यात बांधलेली होती. मी कॉलेजात असताना दिवाळीच्या आवराआवरीत तो गठ्ठा खाली काढला, चार पाने चाळली, जुनी पंचांगे काय कामाची असे म्हटले, आणि अभ्यंगस्नानाच्या पाण्यासाठी बंबात घातली. ती मी स्वतः घातली, बंधुभगिनींनो. दुसऱ्या कुणावर ढकलता येणार नाही. आजोबा ओसरीवर बसले होते. ते काही बोलले नाहीत.

पुढे अनेक वर्षांनी मी वाचले की जपानात क्योटो येथे चेरीला बहर केव्हा आला याच्या नवव्या शतकापासूनच्या नोंदी लोकांच्या रोजनिशांतून गोळा करून तेथल्या हवामानाचा हजार वर्षांचा इतिहास लावला आहे. आपल्या पश्चिम किनाऱ्यावर अठराव्या शतकाच्या अखेरीपासून पाऊस केव्हा सुरू होत असे, हे जुनी वर्तमानपत्रे आणि खाजगी रोजनिशा वाचून संशोधकांनी शोधले आहे. ते वाचताना मला बंबातून वर येणारा तो धूर आठवला. ज्या तालुक्यात तेव्हा सरकारी पर्जन्यमापक एखाददुसरा, तेथली तीस वर्षांची साक्ष मी पाणी तापवायला वापरली होती. मी उपयोग विचारला, आणि विचारण्यात चूक नव्हती. चूक ही झाली की उत्तर येईपर्यंत मी थांबलो नाही.

म्हणून आपल्याजवळ माझे मागणे थोडेच आहे. कुणाच्या माळ्यावर मोडीतल्या चोपड्या असतील, कुणाकडे आजीच्या हातची औषधांची वही असेल, पतपेढीची जुनी खातेवही असेल, शेताच्या पिकांच्या नोंदी असतील. रद्दीवाल्याला हाक मारण्यापूर्वी आपल्या या वाचनालयात एकदा दाखवा. आणि घरातली मुलगी उद्या म्हणाली की मला कातकरी बोलीतली क्रियापदे अभ्यासायची आहेत, तर उपयोग काय हे जरूर विचारा; बापाने विचारायलाच हवे. फक्त तिला उत्तर द्यायला काही वर्षे द्या. तक्षशिलेच्या सराफांच्या खुणांचा अर्थ लागायला दोन हजार वर्षे लागली होती.

आमच्या शेजाऱ्यांनी काल मला सांगितले की त्यांच्या पणजोबांच्या वेळची वजने आणि चार चोपड्या दुकानाच्या माडीवर आहेत. त्या पाहायला मी उद्या सकाळी जाणार आहे. मोडी वाचता येणारे कोणी येथे असतील तर त्यांनी सभा संपल्यावर मला जरूर भेटावे.